घर घेताय? आधी फळ्यांखाली बघा!

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत एका नव्या जोडप्याने आम्हांला गाठले. दोघेही पुण्याचे, तीन वर्षांपूर्वी कॉव्हेंट्रीत आलेले, आणि आता अर्ल्सडनमधले एक जुने टेरेस घर त्यांच्या मनात भरले होते. "काका, काकू, तुम्ही इथे इतकी वर्षे आहात. इथे वाळवी असते का हो? घर घेण्याआधी तपासून घ्यावे लागते का?" त्यांनी विचारले. मागून लोक ताटे घेऊन ढकलत होते, म्हणून आम्ही तेवढ्यापुरते "नाही हो, वाळवी नसते" एवढेच सांगितले. घरी आल्यावर मात्र आमचे आम्हांलाच ओशाळल्यासारखे झाले. कारण 1994 साली आम्ही स्वतः घर घेतले तेव्हा आम्हांलाही कुणीतरी अगदी हेच उत्तर दिले होते, आणि ते चांगलेच महागात पडले. म्हणून हा लेख.

वाळवीची भीती आपल्या हाडांत मुरलेली असते, त्यात नवल नाही. आमच्यापैकी एकीचे माहेर रत्नागिरीकडचे. मे महिन्यात आजोळी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली तर आजोबांची जुनी वहीखाती वरून शाबूत आणि आतून नुसती माती, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले. भिंतीवर मातीची बारीक नळी चढताना दिसली की आजी लगेच रॉकेलची बाटली शोधायची. घर बांधताना खांब-तुळयांना जून सागवान किंवा फणसाचा गाभाच हवा, कोवळे लाकूड नको, हा हट्ट त्यापायीच. आजही पुण्या-ठाण्यात इमारत उभी करताना पायाच्या मातीवर वाळवीचे औषध मारतात आणि त्यासाठी भारतीय मानक संस्थेचे खास मानकही आहे, आय.एस. 6313. तेव्हा निवृत्तीसाठी तिकडे फ्लॅट किंवा बंगला घेणाऱ्यांनी ही चौकशी जरूर करावी. तिथे ती खरी आहे.

इंग्लंडात काय? गंमत अशी, की ज्या 1994 साली आम्हांला "इथे वाळवी नसते" असे ठणकावून सांगण्यात आले, त्याच वर्षी नॉर्थ डेव्हनमधल्या सॉन्टन नावाच्या समुद्राकाठच्या गावात एका घरात चक्क वाळवी सापडली! दक्षिण युरोपातली जात, परदेशातून आलेल्या झाडाच्या कुंडीतून आली असावी असा अंदाज होता. शेजारच्या घरातही तिचा शिरकाव झालेला होता. सरकारने ही गोष्ट फार गंभीरपणे घेतली आणि 1998 पासून निर्मूलनाची मोहीम सुरू केली. जमिनीत लाकडाची आमिषे पुरायची, वाळवी त्यांवर आली की त्यांत औषध घालायचे. औषधही असे, की वाळवीला कातच टाकता येऊ नये. कामकरी वाळव्या ते खाऊन वारुळात नेतात आणि हळूहळू सगळी वसाहत बसते. मध्ये एकदा संपली असे वाटत असतानाच पुन्हा दिसली. शेवटी वर्षानुवर्षे एकही वाळवी सापडली नाही, तेव्हा 2021 साली ती नष्ट झाल्याचे जाहीर झाले. एका गावातल्या दोन घरांसाठी सत्तावीस वर्षे! आपल्याकडे कुणाला सांगितले तर हसतील.

थोडक्यात, कॉव्हेंट्रीत वाळवीची तपासणी करून घ्यायची गरज नाही. पण "वाळवी नाही" याचा अर्थ "लाकूड सुरक्षित" असा आम्ही घेतला, तिथे फसलो.

आमचे घर 1912 च्या सुमाराचे. इथली त्या काळातली बहुतेक टेरेस घरे एकाच पद्धतीची. तळमजल्याची जमीन म्हणजे फरशी नव्हे, तर भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेले लाकडी वासे, ज्याला इथे जॉइस्ट म्हणतात, आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या. खाली फूट-दीड फूट पोकळी. त्या पोकळीत हवा खेळावी म्हणून बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत जाळीच्या विटा बसवलेल्या असतात, त्या एअर ब्रिक. आम्ही त्यांना उंदरांची बिळे समजत होतो! आमच्या आधीच्या मालकाने मागच्या अंगणात काँक्रीट ओतताना त्यातल्या दोन बुजवून टाकल्या होत्या आणि त्यावर सुंदर गुलाबाच्या कुंड्या ठेवल्या होत्या. आम्ही गुलाब पाहिले.

सर्व्हे केला नाही का? केला, म्हणजे तसे आम्हांला वाटले. कर्ज देणाऱ्या संस्थेने माणूस पाठवला होता, त्याचे पैसे आमच्याकडूनच घेतले होते, तो वीस मिनिटे घरात फिरला आणि घराची किंमत ठीक आहे असे कळवून गेला. ही तपासणी संस्थेच्या पैशांसाठी होती, आमच्या घरासाठी नव्हती, हे आम्हांला फार उशिरा कळले. पूर्ण सर्व्हेचे वेगळे पैसे पडत होते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते की तेवढ्यात गालिचा येईल. गालिचा आला. छान मरून रंगाचा.

चौथ्या वर्षी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, मागच्या खोलीत अळंबीसारखा वास यायला लागला. पावसाळ्यात कोकणातल्या घराला येतो तसा. खरे सांगायचे तर आम्हांला तो वास बरा वाटला, घरची आठवण झाली! मग स्कर्टिंगच्या कडेला वीटकरीच्या रंगाची बारीक धूळ साठू लागली. पुसली की दोन दिवसांनी पुन्हा. फराळाचे डबे लावताना कपाटाचा एक पाय फळीत रुतला, तेव्हा तो मरून गालिचा उचलला. खालची फळी चौकोनी चौकोनी तडकलेली, करपलेल्या शंकरपाळ्यांसारखी, आणि बोटाने दाबली तर भुगा. खाली कापसासारखे पांढरे जाळे आणि भिंतीला चिकटलेला धिरड्याएवढा तांबूस, पांढऱ्या कडेचा थर.

याला इथे ड्राय रॉट म्हणतात. नाव फसवे आहे. लाकूड कोरडे ठणठणीत दिसते, पण मूळ कारण पाणीच. लाकडातली ओल शंभरात वीसच्या वर गेली आणि हवा कोंडली की या बुरशीचे फावते. आमच्याकडे पन्हळीचा एक सांधा कित्येक वर्षे गळत होता आणि एअर ब्रिक बुजलेल्या होत्या. दुसरी एक कूज आहे, वेट रॉट. ती जिथे ओल असेल तिथेच राहते, ओल थांबली की थांबते. ड्राय रॉटचे तसे नाही. तिचे धागे विटांच्या भिंतीतून, गिलाव्यामागून वाट काढत पलीकडच्या लाकडापर्यंत पोचतात आणि बरोबर पाणीही वाहून नेतात. पुढे कधीतरी आमच्या वाचनात आले की ही बुरशी युरोपात घरांतच सापडते, रानात जवळजवळ सापडत नाही. तिची रानातली वस्ती आहे हिमालयात, हिमाचल प्रदेशातल्या नारकंडाच्या जंगलात शास्त्रज्ञांना ती आढळली. म्हणजे आम्ही हिला विलायती रोग म्हणून शिव्या देत होतो आणि निघाली आपल्याच देशातली! असो.

दुरुस्तीला तेव्हा चार हजार पौंडांच्या वर गेले. त्या वर्षी भारतात जायचे रद्द झाले, आणि पुढच्या वर्षी जायच्या आत आमच्यापैकी एकाचे वडील गेले. हे लिहावे की नाही असा विचार केला, पण लिहितो. घराच्या विम्यातून एक पैसा मिळाला नाही, कारण हळूहळू होणारी झीज, कूज आणि कीड बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. ज्यांनी आपली पॉलिसी वाचली नसेल त्यांनी आज रात्री वाचावी.

शिवाय शेजार. टेरेसमध्ये मधली भिंत सामाईक. धागे भिंतीतून पलीकडे गेले असतील तर? शेजारच्या आजीबाई एकट्या राहायच्या, त्यांना हे कसे सांगायचे, इथपासून सुरुवात होती. आम्ही चकल्या घेऊन गेलो आणि चकल्या खाऊन झाल्यावर सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "तुमच्या बाजूचे काम चालू आहे तोवर माझ्या बाजूचीही एक फळी उचलून बघाल का?" उचलली. तिथे काही नव्हते. पण त्या रात्री झोप लागली नाही.

आता दुसरी गोष्ट, थोडी बरी. गेल्या वर्षी आमच्या मुलीने चॅपलफील्ड्समध्ये घर पाहिले. घड्याळजींनी वसवलेला हा भाग, एकोणिसाव्या शतकातला, काही घरांना मागच्या बाजूला कारागिरांना उजेड मिळावा म्हणून केलेल्या मोठ्या खिडक्या आहेत. घर देखणे होते. आम्ही आत शिरलो आणि गुडघ्यावर बसून स्कर्टिंग हुंगायला लागलो. एजंट मुलगा बघतच राहिला. "आई, बाबा, उठा ना, प्लीज!" मुलगी मराठीत कुजबुजली.

पण या वेळी नीट सर्व्हे केला. 2021 पासून चार्टर्ड सर्व्हेयरांच्या संस्थेने, म्हणजे आर.आय.सी.एस.ने, घराच्या तपासणीच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. लेव्हल वन म्हणजे वरवरची. लेव्हल टू साध्या, बऱ्या स्थितीतल्या घरांसाठी, आपल्यापैकी अनेकांची रॅडफर्ड-कौंडनकडची 1930 च्या काळातली सेमी घरे यात बसावीत. आणि लेव्हल थ्री जुन्या किंवा बरीच फेरफार झालेल्या घरांसाठी. शंभर वर्षांपुढचे घर असेल तर आमचे मत लेव्हल थ्रीच करावी, दोन-तीनशे पौंडांकडे बघू नये. अहवालात प्रत्येक भागाला एक, दोन, तीन असे आकडे, हिरवा-पिवळा-लाल, असतात. मात्र हा सर्व्हेयरसुद्धा दुसऱ्याच्या घरात ठोकलेले गालिचे उखडू शकत नाही, फळ्या काढू शकत नाही. त्याला शंका आली तर तो लिहितो, "लाकूड व ओल यांची तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी." पुष्कळ लोक हे वाक्य नेहमीचेच म्हणून सोडून देतात. सोडू नये. इंग्लंडमध्ये कराराची देवाणघेवाण होईपर्यंत कुणीही बांधलेले नसते, तेव्हा वेळ असतो तो तेवढाच.

मुलीच्या अहवालातही ते वाक्य होते. जिन्याखालच्या कपाटात आणि तळघराच्या वाशांना बारीक भोके दिसली होती. पहिल्यांदा बोलावली ती औषध मारणारी कंपनी, कारण त्यांची पाहणी फुकट. माणूस आला, भोके दाखवली, मान हलवली आणि दोन दिवसांत पूर्ण तळमजल्याच्या फवारणीचे 2,800 पौंडांचे पत्रक पाठवले. फुकट पाहणी करणाऱ्याचे पोट फवारणीवर असते, हे वेगळे सांगायला नको. सगळेच तसे नसतात, पण आमच्यापैकी एकाने उभा जन्म मॅसी फर्ग्युसनच्या इन्स्पेक्शन खात्यात काढलेला. जो माल विकतो त्यानेच तो पास करायचा, हे त्याला पटेना. मग फी घेणारा, पण औषध न विकणारा स्वतंत्र सर्व्हेयर शोधला. प्रॉपर्टी केअर असोसिएशन ही या धंद्यातली संस्था आहे, तिच्याकडून अशांची माहिती मिळते. नावापुढे सी.एस.आर.टी. अशी अक्षरे असली तर त्या माणसाने याच विषयाची परीक्षा दिली आहे असे समजावे.

हे गृहस्थ साठीचे होते. बॅटरी, छोटा आरसा, एक टोच्या आणि दोन सुयांचे ओल मोजायचे यंत्र, एवढीच आयुधे. घरात शिरण्याआधी अर्धा तास बाहेरच हिंडले. पन्हळी, पाइप, एअर ब्रिक, अंगणाची पातळी. "लाकडाचे दुखणे बहुधा बाहेर सुरू होते," ते म्हणाले. मागे कुणीतरी हौसेने लाकडी डेक बांधले होते, त्याखाली एअर ब्रिक गाडल्या गेल्या होत्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

मग तळघर. वुडवर्म हा खरे तर कृमी नव्हे, तीन-चार मिलिमीटरच्या तपकिरी भुंग्याची अळी. मादी लाकडाच्या फटीत अंडी घालते, अळी आत तीन-चार वर्षे पोखरत बसते आणि मे ते ऑगस्टच्या दरम्यान भुंगा होऊन दीड-दोन मिलिमीटरचे गोल भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे आपल्याला दिसते ते भोक प्रवेशाचे नाही, निघून गेल्याचे आहे! शंभर वर्षांच्या घरात भोके असायचीच. प्रश्न असा, की आत अजून कुणी आहे का. भोकाच्या कडा मळकट, आत रंगाचा थर किंवा धूळ बसलेली असेल तर ते दुखणे आपल्या आजोबांच्या काळातले. कडा तीक्ष्ण, आतले लाकूड ताजे पिवळट आणि खाली रव्यासारखा भुसा पडत असेल तर आत वस्ती आहे. नक्की कळत नसेल तर भोकांवर पातळ कागद डकवून तारीख लिहावी आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर बघावे, नवे भोक पडले की कागदालाही पडते. घर विकत घेताना इतके थांबता येत नाही, पण आपण राहतो त्या घरात हा बिनपैशाचा उपाय उत्तम.

यंत्राच्या सुया त्यांनी प्रत्येक वाशात खुपसल्या. समोरच्या खोलीखाली आकडा आला 12-13. इतक्या कोरड्या लाकडात हा किडा फारसा तग धरत नाही, तिथली भोके जुनीच निघाली. मागे, डेकच्या बाजूला, आकडा 24. तिथे तीन वाशांची टोके भिंतीत वेट रॉटने मऊ झालेली, टोच्या सहज आत गेला. आणि जिन्याखाली ताजा भुसा. निष्कर्ष असा, की डेक काढा, एअर ब्रिक मोकळ्या करा, तीन वाशांची टोके बदला, जिन्याखाली तेवढेच औषध मारा, बाकी घराला हात लावू नका. बिल निम्म्याहून कमी झाले. तो अहवाल विकणाऱ्यांच्या सॉलिसिटरकडे गेला आणि घराच्या किमतीतून 1,500 पौंड कमी झाले. सर्व्हेयरची फी वजा जाता मुलीचे नुकसान फारसे झालेच नाही.

औषधाविषयी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या त्या लिहून ठेवण्यासारख्या आहेत. फवारणीत बहुधा परमेथ्रिन असते, ते मांजरांना आणि माशांना फार घातक. घरात मांजर किंवा फिश टँक असेल तर आधी सांगावे. दुसरे, लॉफ्टमध्ये वटवाघळे असतील तर 1981 च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यांच्या घरात परस्पर फवारणी करणे गुन्हा ठरू शकतो, आधी नॅचरल इंग्लंडचा सल्ला घ्यावा लागतो. आणि काम केल्यावर मिळणारी वीस-तीस वर्षांची गॅरंटी कंपनी बुडाली तर नुसता कागद. तिला विम्याचा आधार आहे का, हे आधीच विचारावे. घर घेतानाही विक्रेत्याकडचे जुने गॅरंटीचे कागद मागून घ्यावेत, त्यांवरून पूर्वी कुठे दुखणे होते तेही कळते.

आता थोडे आपल्याविषयी. ते गृहस्थ चहा पिताना फार संकोचाने म्हणाले, की भारतीय घरांत त्यांना न्हाणीघराखालचे वासे जास्त वेळा ओले सापडतात. आम्हांला राग आला नाही, कारण ते खरे आहे. बादलीत पाणी घेऊन तांब्याने, टबच्या बाहेर उडवत आंघोळ करायची सवय, ती सुटत नाही. पाणी लिनोलियमच्या कडेने खाली जाते आणि वर्षानुवर्षे जात राहते. टबच्या कडेचे सीलंट फाटले असेल तर आजच बदला. आमच्या घरी बे विंडोत तुळशीची कुंडी थेट लाकडी फळीवर होती, तिच्याखाली गोल काळा डाग पडलाय. हिवाळ्यात खिडक्या बंद करून तीन शिट्ट्या आणि रेडिएटरवर कपडे, हे तर सगळ्यांचेच.

आणि एक. तिकडून आणलेले देव्हारे, पाट, चौरंग, कोरीव पेट्या. खाली मैद्यासारखी मऊ पावडर पडत असेल तर तो इथला वुडवर्म नव्हे, लाकडाचा भुंगा वेगळ्या जातीचा, कोवळ्या लाकडातला स्टार्च खाणारा. लाकूड स्वस्त आणि नवे असेल तर शक्यता जास्त. देव्हाऱ्याला फवारा मारवत नसेल तर निदान तो आधी वेगळा ठेवून कुणा जाणकाराला दाखवावा. मंडळाच्या कपाटातल्या मखराची चौकट आम्ही परवाच तपासली, ती स्वच्छ आहे.

लाकूड या शहरात टिकत नाही असे मात्र समजू नका. स्पॉन स्ट्रीटवर जाऊन या. मध्ययुगातली लाकडी चौकटीची घरे तिथे अजून उभी आहेत, काही तर शहरात इतरत्र होती ती 1960 नंतर उकलून आणून पुन्हा जोडलेली. जून ओक, वारा आणि कोरडेपणा मिळाला की शतके जातात. ओकलाही एक शत्रू आहे, डेथ वॉच बीटल नावाचा भुंगा. वसंत ऋतूत तो जोडीदाराला बोलावण्यासाठी लाकडावर डोके आपटतो, रात्रीच्या शांततेत टकटक ऐकू येते. आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्या इंग्रजांना तो मरणाचा संकेत वाटे. आपल्याकडे टिटवी, त्यांच्याकडे हा.

रांगेत भेटलेल्या जोडप्याला आम्ही फोन करून सगळे सांगितले आहे. त्यांची लेव्हल थ्रीची तारीख ठरली आहे आणि त्या दिवशी आम्हीही बरोबर जाणार आहोत, सर्व्हेयरची हरकत नसेल तर. सुयांचे ओल मोजायचे यंत्र आम्ही विकत घेतले आहे, कुणाला आठवडाभर हवे असल्यास महिन्याच्या पहिल्या रविवारी मराठी शाळेच्या वेळी येऊन घेऊन जावे. परत देताना बॅटरी काढून ठेवावी, मागच्या वेळी ती आत गळून गेली होती.